पोच कोणी द्यायची

मशीननं मशीनशी बोलायचे नियम कुठं ठेवायचे, या एका प्रश्नावरून आमच्या ऑफिसात तीन महिने भांडण चाललं होतं. भांडणारी माणसं शिकलेली, चष्मेवाली. त्यातली एक मी. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. अंधेरी पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या कंपनीचा गाळा होता. खाली शर्टाची बटणं बनायची, शेजारी प्लास्टिकच्या बादल्या, आणि मधोमध आम्ही, देशाचं भविष्य घडवणारे. हे शब्द साहेबांचे. आम्हाला दिवसभर बटणांच्या मशीनचा खडखडाट तेवढा ऐकू यायचा.

साहेब सहा वर्षं अमेरिकेत काढून आले होते. "मी परत आलोय" हे वाक्य दर मीटिंगला एकदा तरी यायचंच, जणू आम्ही सगळे विमानतळावर हात जोडून त्यांना आणायला गेलो होतो. टाय लावायचे. गाळ्यात एसी फक्त मशीनच्या खोलीला, त्यामुळे साहेबांची केबिन कागदोपत्री एकीकडे आणि साहेब कायम मशीनच्या खोलीत. तिथं बसून ते पारदर्शक कागदांवर रंगीत पेनांनी चौकोन काढायचे. चौकोन फार सुंदर काढायचे, हे कबूल केलं पाहिजे.

काम आलं होतं मुलुंडच्या एका औषधांच्या कारखान्याचं. चार विभागांत चार कॉम्प्युटर: कच्चा माल, लॅब, गोदाम आणि माल बाहेर पाठवणारं डिस्पॅच. कारखान्याची मागणी अशी की हे चार कॉम्प्युटर एकच असल्यासारखे वागले पाहिजेत. लॅबमध्ये बसून गोदामातली नोंद उघडता यावी, लॅबनं एखादा बॅच रोखला तर तो निरोप तत्काळ डिस्पॅचला दिसावा, आणि कुठली फाईल कुठल्या मशीनवर आहे हे वापरणाऱ्याला कळायचीही गरज पडू नये. म्हणजे मशीनचा कारभार बघणारी जी ऑपरेटिंग सिस्टीम असते, ती चौघांत मिळून एक करायची. त्यासाठी मशीनांनी एकमेकांना निरोप पाठवायचे, मिळाल्याची पोच द्यायची, पोच आली नाही तर निरोप परत पाठवायचा. या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. नियम काय असावेत यावर भांडण नव्हतंच. भांडण होतं ते नियम राहणार कुणाच्या घरी यावर.

जागा तीन होत्या. एक म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात. ("कर्नल म्हणजे मिलिटरीतला?" असं माझ्या वडिलांनी विचारलं होतं. गिरणी बंद पडल्यापासून ते घरीच होते आणि माझ्या नोकरीत त्यांना भलता रस होता.) कर्नलमध्ये ठेवलं तर काम वेगानं होतं, पण तिथं एक चूक झाली की अख्खं मशीन आडवं. दुसरी जागा कर्नलच्या बाहेर, एक साधा प्रोग्राम म्हणून. चुकला तर तो एकटा मरतो, बाकी मशीन चालू राहतं, आणि दुरुस्ती पाच मिनिटांत होते. पण प्रत्येक निरोप आत-बाहेर, आत-बाहेर करत फिरतो, त्यामुळे काम हळू. तिसरी जागा मशीनच्या बाहेरच, केबल जिथं जोडतात त्या कार्डावर. ही कार्डं महागडी, परदेशी, स्वतःचा वेगळा प्रोसेसर आणि स्वतःची मेमरी असलेली. मशीननं निरोप कार्डाच्या हवाली करायचा आणि आपल्या कामाला लागायचं. बोलणंचालणं सगळं कार्ड बघेल.

मी म्हणायचे कर्नल. वेग, वेग आणि वेग, असं माझं भाषण असायचं. खरं कारण आज सांगायला हरकत नाही. कर्नलचा कोड आमच्याकडे मला एकटीलाच येत होता. प्रोटोकॉल तिथं आला असता तर माझ्यावाचून कंपनीचं पान हललं नसतं. चोवीस वर्षांची होते, मुलुंडच्या चाळीतून येत होते, वर्गात पहिली यायचे. आपण अपरिहार्य असावं, एवढीच माझी तांत्रिक भूमिका होती.

माझ्या समोरच्या टेबलावर हार्डवेअर बघणारा बसायचा. वर्सोव्याचा कोळी, घरच्या दोन होड्या. त्याच्या आईला वाटायचं हा ऑफिसात रेडिओ दुरुस्त करतो, आणि त्यानं तो गैरसमज कधी दूर केला नाही. कार्डं त्याच्या ताब्यात होती. म्हणजे माझ्या हिशोबानं त्यानं कार्डाची बाजू घ्यायला हवी होती. तो म्हणायचा, बाहेर ठेवा, साधा प्रोग्राम करा.

"का रे? तुझीच तर कार्डं आहेत," मी एकदा विचारलं.

"म्हणूनच सांगतोय ना. तुला काय जातंय, तू टाइप केलं की बदललं. मला कार्डातला एक शब्द बदलायचा तर चिप उपटा, त्या अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली वीस मिनिटं धरून पुसा, परत भरा, परत बसवा. चार कार्डं. दिवस गेला. आणि चूक होणारच आहे यार, माणसं आहोत."

आमच्यात स्वतःच्या सोयीपलीकडचा विचार कुणी करत असेल तर तो हा एकटा. मला ते तेव्हाही कळत होतं, म्हणून त्याचा थोडा रागच यायचा.

शेवटी साहेबांनी मीटिंग लावली. "सगळ्यांची मतं घेऊन निर्णय करू," म्हणाले. आम्ही दोघं तयारी करून गेलो. मी आकडे काढले होते, त्यानं चुकांची यादी केली होती. साहेबांनी दोन्ही ऐकलं, मान हलवली, "व्हेरी गुड, व्हेरी गुड" म्हणाले, मग दिवा लावून भिंतीवर आपला पारदर्शक कागद दाखवला. त्यावर कार्डं आधीच काढलेली होती. हिरव्या पेननं. बाण लाल. खाली एका परिषदेचं नाव आणि साहेबांचं नाव. ती परिषद व्हायला चार महिने होते आणि निबंध दोन आठवड्यांपूर्वीच पाठवून झाला होता, हे आम्हाला नंतर टायपिस्टकडून कळलं.

"कार्डावर लोड टाकला की मेन मशीन मोकळं," साहेब म्हणाले. "तिकडे सगळे हेच करतायत."

"तिकडे" हा शब्द निघाला की आमच्याकडे चर्चा संपायची.

मग मोजमाप झालं. कार्डाची पद्धत किती वेगवान, हे साहेबांनी जातीनं मोजलं. निरोप निघाल्यापासून पोच येईपर्यंतचा वेळ, म्हणजे वेग. त्यात कार्डं जिंकली, आणि दणकून जिंकली. आता यातली गंमत अशी की पोच देत होतं ते समोरचं कार्ड. निरोप केबलवरून कार्डात पडला की कार्ड म्हणणार, मिळाला. तो पुढं मशीनमध्ये, ज्या प्रोग्रामला हवाय त्याच्यापर्यंत कधी गेला, गेला की नाही, ते कुणी मोजलंच नाही. दारातल्या वॉचमननं सही करून पत्र घ्यावं आणि पोस्टमननं घरमालकाला भेटून आल्याचं सांगावं, तसला प्रकार. हे मला मोजताना दिसलं होतं. अगदी स्पष्ट दिसलं होतं. मी बोलले नाही. माझा कर्नल नाकारला होता ना, मग होऊ दे तुमचं, अशी माझी उच्च विचारसरणी.

पुढचे दोन महिने वर्सोवेकर चिपा पुसत बसला. मशीन मोकळं होईल म्हणाले होते, ते काही झालं नाही. कारण मशीननं कार्डाशी बोलायला पुन्हा वेगळे नियम लागले, तो कोड शेवटी माझ्याच गळ्यात आला आणि कर्नलमध्येच गेला. ज्याच्यासाठी एवढी कार्डं मागवली ते ओझं होतं तिथंच राहिलं, वर हे नवं चढलं. मी साहेबांना सांगायला गेले तर म्हणाले, "टीदिंग ट्रबल." बाळाला दात येतायत.

काम मुलुंडात बसवलं. "तुझं तर घरच तिथं," असं म्हणून साहेबांनी मला महिनाभर कारखान्यावर पाठवलं. पवईमार्गे अंधेरीच्या रोजच्या बसमधून सुटका झाली, म्हणून मीही खूश होते.

डिस्पॅचचा सुपरवायझर मालवणी होता, माझ्या वडिलांच्या वयाचा. पांढरा लेंगा-शर्ट, खिशाला तीन पेनं, कानात बोटभर केस. पहिल्या दिवशीच त्यानं माझं गाव, तालुका, वाडी विचारून घेतली आणि मग मला "गो बाय" म्हणू लागला. कॉम्प्युटर आणि त्याच्यावरचा प्लास्टिकचा झगा याकडे तो जावयाकडे बघावं तसा बघायचा. आलाय घरात तर चहा द्यायला हवा, भरवसा नंतर बघू.

पूर्वी लॅबनं बॅच रोखला की एक माणूस लाल चिठ्ठी घेऊन चालत डिस्पॅचला यायचा. आम्ही ती चिठ्ठी बंद केली. आता लॅबवाल्या बाई बटण दाबणार, डिस्पॅचच्या पडद्यावर ओळ येणार, लॅबच्या पडद्यावर "पोचलं" उमटणार. तीन आठवडे सगळं झकास चाललं. मॅनेजरनं साहेबांना फोन करून शाबासकी दिली. साहेबांनी ती आपल्यापाशीच ठेवली.

चौथ्या आठवड्यात एक दिवस दुपारच्या जेवणानंतर मी कच्च्या मालाच्या खोलीत होते. सुपरवायझर दारात येऊन उभा राहिला. धापा टाकत होता.

"गो बाय, जरा हयसर ये."

मी त्याच्यामागून गेले. डिस्पॅचच्या धक्क्याला ट्रक लागलेला होता. मागचं फळकं उघडं, अर्ध्याहून जास्त खोकी चढलेली आणि हमाल हात बांधून उभे. लहान मुलांचं खोकल्याचं औषध होतं. लॅबनं तो बॅच सकाळीच रोखला होता. बाटल्यांत काही तरी गढूळ दिसत होतं. लॅबच्या पडद्यावर "पोचलं" लिहिलेलं होतं. डिस्पॅचच्या पडद्यावर काही नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"जेवणापर्यंत दोन-तीन तरी चिठ्ये येतत रोज ह्या पडद्यार. आज एक नाय. म्हटलां, लॅबवाली बाय आजारी पडली की काय, म्हणून बघूक गेलंय." तो पडद्याकडे बोट दाखवत म्हणाला, "तुजां मशीन सांगता, पोचलां. कोणाक पोचलां? माका तर नाय पोचलां."

मी काही तरी बोलले. काय ते आठवत नाही, पण त्यात कार्ड हा शब्द होता. तो शांतपणे ऐकत राहिला आणि मग हमालांना खोकी उतरवायला सांगायला गेला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. मला बरं वाटावं म्हणून त्यानं चहा मागवला.

अंधेरीला फोन लावला. वर्सोवेकर तासाभरात आला. कारण शोधायला आम्हाला फार वेळ लागला नाही, कारण मला ते तीन महिन्यांपासून माहीत होतं. डिस्पॅचच्या मशीनची डिस्क सकाळी भरली होती आणि निरोप घेणारा प्रोग्राम तिथंच मेला होता. कार्ड मात्र टुणटुणीत. त्याला वेगळा प्रोसेसर, मशीन मेलं काय आणि जगलं काय. येईल तो निरोप पोटात घेत होतं आणि लॅबला "मिळाला, मिळाला" सांगत होतं. अकराच्या सुमाराला पडदा हलेना म्हणून डिस्पॅचमधल्या कुणी तरी मशीन बंद करून परत चालू केलं. कार्डाच्या पोटातलं सगळं तिथंच पुसलं गेलं.

दुसऱ्या दिवशी साहेब गाडीनं आले. कारखान्याच्या मॅनेजरच्या केबिनमध्ये आम्ही चौघं बसलो: मॅनेजर, साहेब, वर्सोवेकर आणि मी. साहेबांनी आधी मुलुंडच्या विजेवर ठपका ठेवला. मॅनेजर म्हणाला, वीज गेलीच नव्हती. मग साहेबांनी खुर्ची पुढं ओढली आणि अगदी खासगी आवाजात, घरातली गोष्ट सांगावी तसं म्हणाले, "डिझाइन उत्तम आहे. कार्डातल्या कोडमध्ये चूक राहिली. तो भाग आमच्या ह्या मुलानं केलाय. आय टेक द रिस्पॉन्सिबिलिटी." जबाबदारी घेताना त्यांचं बोट वर्सोवेकराकडे होतं.

तो साहेबांकडे बघतही नव्हता, माझ्याकडे बघत होता. कार्डातल्या कोडमध्ये एक अक्षरही चुकलेलं नव्हतं. कार्डानं तेच केलं जे आम्ही त्याला सांगितलं होतं.

मॅनेजरनं मला विचारलं, "मॅडम, तुमचं काय मत?"

मी म्हणाले, "तपासून सांगते."

एवढंच. आयुष्यात मी अनेकांना नावं ठेवली, साहेबांना तर मनसोक्त. पण त्या केबिनमध्ये सगळ्यात भिकार वाक्य कुणी उच्चारलं असेल तर ते मी. साहेब निदान आपल्या चौकोनांवर विश्वास ठेवून होते. मला खरं माहीत होतं.

बाहेर आल्यावर गेटपाशी वर्सोवेकरानं मला गाठलं.

"काय तपासणार आहेस तू?"

"अरे, मॅनेजरसमोर सरांना कसं..."

"मला कसं चाललं मग?"

तो रस्ता ओलांडून निघून गेला. दुसऱ्या आठवड्यात त्याला सर्व्हिसला टाकलं. म्हणजे गिऱ्हाइकांकडे जाऊन प्रिंटरात अडकलेले कागद काढायचे.

मी साहेबांकडे गेले ते त्याची बदली झाल्यावर. तोवर धीर आला होता असं नाही. रोज त्याचं रिकामं टेबल समोर दिसायचं. मी म्हणाले, "सर, त्याची चूक नव्हती. पोच कार्डानं द्यायचीच नाही. ज्या प्रोग्रामला निरोप हवाय त्यानं तो डिस्कवर लिहून घेतला की मग त्यानंच द्यायची. ती कर्नलमध्ये नको, कार्डात तर नकोच, बाहेरच्या प्रोग्राममध्ये हवी. तो पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता."

साहेब हिरवा पेन फिरवत होते. "तू हुशार आहेस," म्हणाले, "पण भावनेच्या भरात बोलतेस. कर तुला हवं तसं. फक्त आर्किटेक्चरला हात लावू नकोस."

आर्किटेक्चर म्हणजे तो कागद.

मी चार दिवसांत केलं. साधा, हळू, कर्नलबाहेरचा प्रोग्राम. वेगाचं माझं तीन महिन्यांचं भाषण त्या कारखान्यात कुणाच्याही उपयोगाचं नव्हतं; दिवसाला वीस निरोप, प्रत्येकाला अर्धा सेकंद जास्त लागला तर कुणाचं काय अडणार होतं? डिस्पॅचनं नोंद घेतली आणि शेजारच्या प्रिंटरवर ओळ छापली की मगच लॅबला "पोचलं" दिसायचं. मध्ये कार्डं होती तशीच राहिली, त्यांची पोच आता कुणी विचारत नव्हतं. मालवणी सुपरवायझरनं छापलेली पहिली ओळ फाडून घेतली, चष्मा काढून जवळून वाचली, घडी करून खिशात घातली. "आता बरां," म्हणाला. लाल चिठ्ठीवाला माणूस मात्र त्यानं मॅनेजरला सांगून परत सुरू करवला. माझ्याकडे बघून म्हणाला, "माजो राग धरू नको हां बाय. माजी सवय." मी राग कसला धरणार?

परिषद झाली, जुहूच्या एका हॉटेलात. साहेबांनी हिरव्या चौकोनांच्या बाजूला एक नवा निळा चौकोन काढला होता. त्यावर लिहिलं होतं, त्रिस्तरीय पोच पद्धती. मुलुंडच्या कारखान्यात ती यशस्वीपणे चालू असल्याचं त्यांनी सांगितलं, जे खरंच होतं. प्रश्नोत्तरात कुणी तरी विचारलं, मग कार्डावर प्रोटोकॉल ठेवून नेमका फायदा काय झाला? "गुड क्वेश्चन," साहेब म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. सभागृह टाळ्या वाजवत होतं. शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मीही वाजवल्या.

लाज वाटून तडकाफडकी राजीनामा देणारी माणसं असतात म्हणे. मी त्या कंपनीत आणखी दोन वर्षं राहिले आणि एक बढतीही घेतली. वर्सोवेकर दिवाळीच्या आधीच सोडून गेला. अंधेरीतच, हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये.

जानेवारीत एका रविवारी मी वर्सोव्याला गेले. पत्ता विचारत विचारत. त्याची आई अंगणात बांबूंवर बोंबील टांगत होती. तिनं मला ओळखायचं कारण नव्हतं, "रेडिओच्या ऑफिसातली?" असं तिनंच विचारलं आणि पाटावर बसवलं. तो होडीवरून आला, गुडघ्यापर्यंत चिखल. मला बघून थांबला.

"मी चुकले," मी म्हणाले. "मला माहीत होतं. तू म्हणत होतास तसंच केलं मी शेवटी. सरांनाही सांगितलं."

"मॅनेजरला?"

"नाही."

तो पाय धुवायला मोरीवर गेला. परत आल्यावर त्यानं विचारलं, प्रोग्राम कसा लिहिला, डिस्क भरली तर काय करतो. मी सांगितलं. त्यानं एक त्रुटी काढली. बरोबर होती; सोमवारी जाऊन मी ती दुरुस्त केली. मग आम्ही साहेबांच्या निळ्या चौकोनावर हसलो, आधी मी, मग थोड्या वेळानं तोही.

मंगळवारी मी कारखान्याच्या मॅनेजरला भेटून जे सांगायचं होतं ते सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. "हे आता सांगून काय उपयोग, मॅडम?" म्हणाला. उपयोग काहीच नव्हता. मी उठले आणि डिस्पॅचला जाऊन त्या दिवसाच्या ओळी तपासल्या.